दूरच्या यंत्राची स्मृति

जव्हार म्हणजे मुकणे घराण्याचें जुनें संस्थान. १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि १ ऑगस्ट २०१४ पासून शेजारच्या मोखाड्यासह तें पालघर जिल्ह्यांत मोडतें. जिल्ह्याची मुख्य कचेरी खालीं किनारपट्टीला, हे दोन्ही तालुके वर डोंगरांत. पावसाळ्यांत ती वाट चढणें म्हणजे काय, हें तेथें नोकरी केलेल्या माणसासच विचारावें.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंची तार नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. 'भारतनेट' हें तिचें पुढचें नांव. तारेनें आलेले संदेश कचेरींतील संगणकांना वांटून देणारें यंत्र तें राउटर. त्याच्या आज्ञावलींत दोष निघाला, म्हणजे सुधारलेली आज्ञावली दुरूनच पाठवितात. परंतु त्यापूर्वीं पाहिलें पाहिजे, कीं त्या यंत्रांत स्मृति, व्यवहारांतली 'मेमरी', किती बसविली आहे. खरेदीच्या कागदावर आंकडा असतो खरा. पण मध्यंतरीं कोणी स्मृतीची पट्टी बदललीही असेल. साक्ष यंत्राचीच घ्यावी.

स्मृति दोन प्रकारची. 'फ्लॅश' ही वही. वीज गेली तरी तिच्यांतलें लिखाण राहतें. 'रॅम' ही पाटी. वीज जातांच कोरी होते. आज्ञावली वहींत बहुधा घडी घालून ठेवलेली असते आणि यंत्र सुरू होतांना पाटीवर उलगडली जाते. म्हणून वहींत जागा पुरली, एवढ्यानें भागत नाहीं.

दुरून विचारण्याची सुरक्षित वाट म्हणजे १९९५ सालीं फिनलंडमध्यें निघालेली 'एसएसएच'. जुन्या 'टेलनेट'मध्यें परवलीचा शब्द उघडाच जातो. तें टाळलेलें बरें. सिस्कोच्या अनेक राउटरांना 'शो व्हर्जन' ही आज्ञा दिली, म्हणजे उत्तरांत '६०४१६के/५१२०के' अशासारखी जोडी येते. पुष्कळ जण पहिलाच आंकडा टिपतात आणि तेथेंच फसतात. पहिला भाग यंत्राच्या स्वतःच्या कामाचा, दुसरा येणाऱ्याजाणाऱ्या संदेशांसाठीं राखलेला. दोहोंची बेरीज ६५५३६ किलोबाइट. तिला १०२४ नें भागलें कीं ६४ मेगाबाइट. लिनक्सवर चालणाऱ्या लहान राउटरांत 'मेमइन्फो' ही नोंद वाचावी. तेथें एकूण आंकडा बसविलेल्यापेक्षां थोडा कमीच दिसतो, कारण गाभ्याच्या आज्ञावलीनें आपला वांटा आधींच उचललेला असतो. 'मोकळी' म्हणून दिसणारी स्मृति ही निराळीच बाब. यंत्रें शेंकडों असलीं तर 'एसएनएमपी'च्या योगानें सर्वांना एकदम विचारतां येतें.

एवढा खटाटोप कशासाठीं? पाटी अपुरी पडली तर नवी आज्ञावली सुरूच होत नाहीं, आणि जिच्या वाटेनें ती पाठविली ती तारही मुकी होते. बसल्या फांदीवर घाव घालावा तसें. मग भर आषाढांत कोणी तरी संगणक घेऊन घाट चढावा आणि यंत्राला समक्ष जोडावा. तोंवर पाड्यावरून चालत आलेली बाई दाखल्यावांचून परत जाते. मेगाबाइटांशीं तिला कांहीं कर्तव्य नाहीं. तिच्या मुलाच्या अर्जाची मुदत मात्र टळते.

बेरीज जुळली तरी जुनी आज्ञावली लगेच पुसूं नये. वहींत जागा असेल तर ती शेजारींच राहूं द्यावी. आणि यंत्र पुन्हां सुरू करण्याची आज्ञा सकाळीं, कचेरींत शिपाई असतांना द्यावी, म्हणजे दिवा लागला कीं नाहीं तें त्याला दूरध्वनीवर विचारतां येईल.