खापरांची साक्ष

दिल्लीच्या द्वारका उपनगरातील एखाद्या मराठी घरात डोकावले, तर माहेराहून आलेले पुरणयंत्र आणि तेथल्या बाजारात घेतलेली मातीची सुरई शेजारी शेजारी नांदताना दिसतील. ही वसती उद्या ढिगाऱ्याखाली गेली आणि हजारो वर्षांनी कोणी उकरली, तर संशोधक काय म्हणेल? मराठ्यांनी दिल्ली जिंकली, की दिल्लीकरांनी मराठी भांडी विकत घेतली? खापरांवरून इतिहास वाचणाऱ्याला हा पेच नित्याचाच आहे.

तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे हे गाव घ्या. तेथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी केले. ताम्रपाषाणयुगीन वसतीच्या आरंभीच्या थरांत माळव्याच्या धाटणीची खापरे निघाली. त्यांच्या वरच्या थरांत जोर्वे धाटणीची आणि चकचकीत तांबड्या रंगाचीही मिळाली. जोर्वे हे संगमनेरजवळचे प्रवराकाठचे गाव. १९५०-५१ च्या उत्खननानंतर त्याचे नाव या भांड्यांना पडले. चकचकीत तांबडी भांडी मात्र सौराष्ट्रातील रंगपूरची ओळखीची. म्हणजे तापीच्या काठी माळवा, प्रवराखोरे आणि सौराष्ट्र यांचा मेळ पडला होता, एवढे निश्चित.

परंतु मेळ कसा पडला? भांडे व्यापाऱ्याबरोबर येते, सासरी निघालेल्या मुलीबरोबर येते. कधी भांडे येतच नाही, कुंभार येतो. कधी कुंभारही येत नाही, केवळ अनुकरण होते. म्हणून खापराचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मातीतील खनिजे तपासतात. कण गावच्याच नदीच्या वाळूचे असतील, तर घाट परका असला तरी भांडे तेथेच घडले असा तर्क बळावतो. मग तशी खापरे किती, आणि घरोघरी की मोजक्याच ठिकाणी, हेही पाहावे लागते. एकट्या खापरावरून स्वारी, स्थलांतर वा विजय सिद्ध होत नाही.

आणि हे सारे अवलंबून असते ते थरावर. पांढरीची माती शेतासाठी, विटांसाठी खणून नेली, की खापर हाती राहते, पण कोणाच्या खाली आणि कोणाच्या वर होते, हे कायमचे पुसले जाते. थरातून सुटलेले खापर म्हणजे जबानी विसरलेला साक्षीदार. आपल्या गावच्या टेकाडावर कुदळ पडण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याला कळवावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.