आधी प्रश्न, मग सूत्र
(प्रभादेवी येथे हितचिंतकांच्या सभेत केलेले भाषण)



प्रभादेवीत चौरस फूट कोणाला शिकवावे लागत नाहीत. चाळीच्या पुनर्विकासाची बैठक लागली की गणितात कच्ची माणसेही कार्पेट एरिया आणि बिल्ट-अप एरिया यांतला फरक चोख सांगतात, कारण घर आपले असते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून वसतिगृहात आलेल्या मुलांना मी नववी-दहावीचे गणित शिकवते, ते याच समजुतीने.

त्यांचा प्रश्न जमिनीचा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कसत असलेल्या वनजमिनीवर जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. कागदावर हेक्टर आणि आर, बोलण्यात गुंठे, आणि प्रत्यक्ष तुकडा ओढ्याकाठचा, वाकडातिकडा. अशा एका शेताचे क्षेत्रफळ काढा, एवढेच फळ्यावर लिहून मी टेप हातात देते.

मुले चारी बाजू मोजून आणतात. समजा, क्रमाने ३०, ४०, ५० आणि ६० मीटर भरल्या. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणायची एक सोपी रीत आहे. तिने ४० गुणिले ५०, म्हणजे २००० चौरस मीटर येतात. मग मी चार काठ्यांची टोके सुतळीने बांधून चौकट करायला सांगते. ती ढकलली की कलते. बाजू त्याच राहतात, आतली जागा मात्र बदलते. म्हणजे नुसत्या चार बाजूंवरून शेत कळत नाही! इथे वाद सुरू होतो, तोही वारली बोलीत. मी थांबवत नाही. पुस्तकी मराठी नंतर वहीत येतेच. शेवटी कोणीतरी म्हणते, मधून एक काठी तिरपी बांधा, मग हलणार नाही. ती काठी म्हणजे कर्ण.

पुन्हा शेतावर जाऊन कर्ण मोजायचा. तो ५० मीटर भरला, तर दोन त्रिकोण मिळतात: एक ३०, ४०, ५० चा आणि दुसरा ५०, ५०, ६० चा. आता तीन बाजूंवरून क्षेत्रफळ कसे काढायचे, हे मुलेच विचारतात. हिरोचे सूत्र तेव्हा सांगायचे. ६०० अधिक १२००, म्हणजे १८०० चौरस मीटर, १८ आर. सोप्या रीतीने २ आर जमीन कागदावरच वाढली होती! बियाणे, खत, उक्ती मजुरी, सगळा हिशोब त्या दोन आरांनी चुकतो.

याला चार तासिका जातात. सूत्र लिहून तीन उदाहरणे सोडवली तर एकीत भागते. मार्चची परीक्षा कोणासाठी थांबत नाही आणि दहावीला गणितात अडकलेले मूल पुढच्या हंगामात वीटभट्टीवर दिसते. म्हणून "निकाल किती?" हा तुमचा प्रश्न मला रास्त वाटतो. जानेवारीपासून जुन्या प्रश्नपत्रिका आम्ही सोडवतोच. पण तिरप्या काठीवर भांडलेला मुलगा नवे उदाहरण पाहून वही मिटत नाही, हे मी वर्गात पाहते.

त्याच डहाणू तालुक्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी लहान मुलांची शाळा अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणावर नेली. मोठ्या मुलांच्या भूमितीला बांधावर जायला मग काय हरकत आहे?

जूनमध्ये तुम्ही वह्या पाठवता, त्या लागतातच. यंदा त्यांच्यासोबत ५० मीटरच्या दोन टेप पाठवा. आणि जमल्यास गणिताच्या आणखी एका शिक्षकाचा वर्षभराचा पगार उचला, कारण चाळीस मुलांना बांधावर एकटीने सांभाळणे मला जड जाते.