ऑटोमॅटिक गाडीचें दुखणें घरीं कसें ओळखावें

पावसाळा स्थिरावला कीं जव्हारच्या पठाराला नवें रूप येतें आणि मुंबई, ठाणें व नाशिक येथील कुटुंबें रविवारीं सकाळींच दाभोशाची वाट धरतात. लेंडी नदीचा प्रवाह तेथें सुमारें ३०० फूट खालीं झेपावतो. तें दृश्य पाहण्यास निघालेल्यांच्या मनांत धुकें, तुषार आणि सोबतचा डबा यांखेरीज दुसरा विचार क्वचितच असतो. परंतु तेथवर नेणारा रस्ता मोटारीच्या दृष्टीनें सोपा नाहीं. मनोर-विक्रमगडच्या बाजूनें येणाऱ्या मुंबईकरास जव्हारच्या चढाला तोंड द्यावें लागतें. नाशिककरास त्र्यंबकेश्वर सोडल्यापासून मोखाडा येईपर्यंत चढउतार व वळणें यांतून सुटका नसते. शहरांतील सपाट रस्त्यावर वर्षभर झांकून राहिलेलें गाडीचें दुखणें अशा रस्त्यावर अर्ध्या तासांत उघडें पडतें.

हल्लीं या गाड्यांत ऑटोमॅटिक गाड्यांचा भरणा वाढला आहे, आणि त्यांतील कित्येक १०-१५ वर्षांच्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातीं आलेल्या असतात. अशा गाडीनें चढावर दगा दिला तर प्रश्न प्रथम जिवाचा असतो. इंजिन गर्जत आहे, पण चाकांना जोर मिळत नाहीं, गाडी मागें सरूं पाहते आणि मागें एस्. टी.ची बस उभी आहे, हा प्रसंग कोणावरहि येऊं नये. त्यानंतरचा प्रश्न पैशाचा. "गिअरबॉक्स गेला" हे दोन शब्द ऐकतांच गृहस्थ एक तर मोठ्या रकमेच्या अंदाजपत्रकास मान तुकवितो, नाहीं तर धडधाकट गाडी भंगाराच्या भावानें काढून टाकतो. वास्तविक कित्येकदां दोष तेलाच्या पातळींत, बॅटरींत किंवा ब्रेकच्या दिव्याच्या एका लहानशा स्विचांत असतो. तो कोठें आहे हें ठरविण्याचें पुष्कळसें काम, एकहि नट न खोलतां, घरच्या अंगणांत डोळे, कान व नाक यांच्या साह्यानें होऊं शकतें.

प्रथम आपल्या गाडींतील यंत्र कोणत्या जातीचें आहे हें माहीत हवें, कारण "ऑटोमॅटिक" या एका नांवाखालीं निरनिराळीं यंत्रें नांदत आहेत. त्यांतील जुनें घराणें टॉर्क कन्व्हर्टरचें. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. वाऱ्याऐवजीं तेल घातलें कीं झाला कन्व्हर्टर. हर्मन फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. आपल्याकडील ह्युंदाई आय-१० किंवा २००८ सालीं आलेली होंडा सिटी यांच्या ऑटोमॅटिक गाड्या याच घराण्यांतील. दुसरी जात सी. व्ही. टी.ची: येथें ठराविक गिअर नसतात, दोन पुल्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा वेग कमीअधिक करतो. २०१४ च्या सिटींत हें यंत्र होतें. तिसरी ए. एम. टी., जी २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओनें मध्यमवर्गीयांच्या दारांत आणून सोडली. ही खरी म्हणजे नेहमीच्या हातगिअराचीच पेटी. डाव्या पायाचें व हाताचें काम तेवढें यंत्र करतें. चौथी, दोन क्लचांची, फोक्सवागन पोलोच्या जी. टी. टी. एस्. आय. सारख्या मोजक्या गाड्यांत आढळते. एका जातीचें औषध दुसरीला लागू पडत नाहीं, म्हणून एवढा प्रपंच.

कन्व्हर्टरच्या गाडीचा प्राण तिच्या तेलांत आहे. हें तेल वंगण तर करतेंच, शिवाय जोर पोंचवितें, क्लच दाबून धरतें आणि उष्णता वाहून नेतें. एवढीं कामें करणाऱ्या नोकराकडे वर्षानुवर्षें कोणी पाहत नाहीं, ही आश्चर्याची गोष्ट होय. ज्या गाडीला डिपस्टिक आहे तिची परीक्षा सोपी. गाडी १०-१५ किलोमीटर चालवून तेल गरम झाल्यावर सपाट जागीं उभी करावी. पुढें मात्र कंपनीची पुस्तिका सांगेल तसेंच करावें. कांहीं गाड्यांत इंजिन चालू ठेवून पातळी पाहतात, कांहींत इंजिन बंद करून मिनिटभराच्या आंत. हा भेद न पाळल्यास पातळी चुकीची दिसते आणि मनुष्य विनाकारण तेल ओततो. जास्त तेल हेंहि अपायकारकच. तें घुसळून फेंसाळतें, आणि फेंसाला दाब धरतां येत नाहीं.

पातळी पाहून झाल्यावर डिपस्टिकचें टोंक पांढऱ्या स्वच्छ कापडावर टेकवावें. नवें तेल बहुधा लाल व पारदर्शक असतें. तें तपकिरी झालें असेल तर वय झालें इतकेंच समजावें. काळें पडून जळक्या टोस्टासारखा वास येत असेल तर क्लचच्या पट्ट्या भाजल्या आहेत. कापडावर चमकदार कण उतरले तर धातु झिजत आहे. आणि तेल गुलाबी दुधासारखें दिसलें तर गाडी त्या दिवसापासून चालवूं नये. रेडिएटरमधील तेल थंड करणारी नळी फुटून पाणी तेलांत शिरलें असण्याचा संभव फार. पाण्यानें क्लचच्या पट्ट्यांवरील अस्तर सुटूं लागतें. त्या वेळीं एका रेडिएटरावर भागणारें काम महिनाभर ढकललें कीं संपूर्ण पेटीवर येतें.

तेल कमी भरलें तर तें गेलें कोठें? इंजिनाच्या तेलाप्रमाणें हें जळत नाहीं. कमी झालें म्हणजे गळलेंच. रात्रीं गाडीखालीं जुनीं वर्तमानपत्रें पसरावींत आणि सकाळीं डाग पहावे. तांबूस डाग गिअरच्या तेलाचा, काळसर डाग इंजिनाचा, स्वच्छ पाणी एअर-कंडिशनरचें. डाग कोणत्या चाकाच्या आंतल्या बाजूस आहे हें कागदावरच लिहून ठेवावें. भर घालावयाची ती पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीच्या तेलाचीच. सी. व्ही. टी.मध्यें साधें गिअरचें तेल घालणें म्हणजे पट्टा घसरण्यास आमंत्रण होय. ज्या गाड्यांना डिपस्टिकच नाहीं, त्यांची पातळी खालच्या बुचांतून, ठराविक उष्णतेला, गाडी समपातळींत उचलून पाहावी लागते. जॅकवर तोललेल्या गाडीखालीं शिरून हा उद्योग घरीं कोणीं करूं नये.

दुसरी परीक्षा सकाळच्या थंड गाडीची. समोर व मागें कोणी नाहीं हें पाहून, हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर घट्ट ठेवून इंजिन सुरू करावें. तें स्थिर झाल्यावर दांडा डी वर आणावा आणि गाडीला हलका हिसका बसेपर्यंत मनांत आंकडे मोजावे. निरोगी गाडी एक-दीड सेकंदांत गिअर धरते. तीन-चार सेकंद लागत असतील तर तेल कमी आहे किंवा आंतील रबरी सीलें कडक झालीं आहेत. गाडी तापल्यावर हा विलंब नाहींसा होत असेल तर संशय सीलांवर अधिक. हेंच आर् वर करावें. पुढें धरते पण मागें धरत नाहीं, किंवा याच्या उलट, हा भेद मेस्त्रीच्या दृष्टीनें सोन्याच्या मोलाचा असतो. कोणता क्लच गेला हें त्यावरून पेटी उघडण्यापूर्वींच ठरतें.

नंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर एक फेरी. पाय ॲक्सिलरेटरवर एकसारखा ठेवावा आणि शेजारी बसलेल्यानें इंजिनाच्या फेऱ्यांचा कांटा पहावा. एक गिअर सुटून दुसरा धरण्याच्या मध्यें कांटा उसळी घेतो काय? घेत असेल तर दरवेळीं त्याच गिअराला काय? एकाच ठिकाणीं होणारी घसर एका क्लचची असते. सर्वत्र होणारी घसर बहुधा तेलाची किंवा दाबाची. सी. व्ही. टी.मध्यें मात्र इंजिन एका सुरांत ओरडत राहणें हा तिचा स्वभावच आहे. त्यास दुखणें समजूं नये.

साधारण ५० ते ८० किलोमीटर वेगानें, हलक्या पायानें जातांना गाडी गतिरोधकाच्या बारीक पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरते, अशी तक्रार पुष्कळ जुन्या गाड्यांत ऐकूं येते. येथें एक सुंदर युक्ति आहे. थरथर चालू असतांना, मागें वाहन नाहीं हें पाहून, ब्रेकच्या पेडलाला नुसता स्पर्श करावा, दिवा लागण्यापुरताच. त्यासरशी कन्व्हर्टरमधील कुलुपी क्लच सुटतो. थरथर तत्क्षणीं थांबली तर दोष त्या क्लचचा किंवा थकलेल्या तेलाचा. न थांबली तर इंजिनाचा स्पार्क प्लग किंवा कॉइल पहावी. एका प्लगाच्या अपराधासाठीं गिअरबॉक्स खालीं उतरविल्याच्या कथा श्रोत्यांपैकीं अनेकांच्या कानीं आल्या असतील.

निरपराध गिअरबॉक्सवर येणारे आळ याखेरीजहि आहेत. दांडा पी मधून मुळींच हलत नाहीं, गाडी टो करून न्यावी लागणार, असें वाटतें. तेव्हां प्रथम कोणाला तरी मागें उभें करून ब्रेकचे दिवे लागतात कीं नाहीं तें पहावें. दोन्ही बाजूंचे दिवे लागत नसतील तर ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेला आहे. पाय ब्रेकवर असल्याची वर्दी न मिळाल्यानें कुलूप उघडत नाहीं, इतकेंच. बहुतेक गाड्यांत तें कुलूप हातानें सोडविण्याची सोय दांड्याजवळच्या लहान झांकणाखालीं असते. डी घालतांच धाडकन् आवाज होतो, तेव्हां इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसलेलें असतें तें फाटलें आहे काय हें बॉनेट उघडून पहावें. बॅटरी बदलल्यानंतर कांहीं दिवस गिअर झटका देत पडतात, कारण यंत्राच्या मेंदूनें शिकलेल्या संवयी पुसल्या गेलेल्या असतात. त्या तो पुन्हां शिकतो. मरणोन्मुख बॅटरी व गंजलेली अर्थिंगची तार यांनींहि असेच खेळ होतात. उतारावर पी मधून दांडा काढतांना होणारा खट् आवाज तर चालकाच्या संवयीचाच: आधीं हँडब्रेक, मग पी, हा क्रम पाळला कीं तो बंद होतो.

भारतांत २०१३ च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या गाड्यांत दोष नोंदविण्याची अधिक पूर्ण व्यवस्था सक्तीची झाली, आणि ती वाचण्याचें लहानसें यंत्र आतां स्वस्तांत मिळतें. त्यावर पी ०७०० हा संकेत दिसला तर त्याचा अर्थ "गिअरच्या मेंदूकडे चौकशी करा" एवढाच आहे. स्वस्त यंत्राला पुष्कळदां त्या दुसऱ्या मेंदूशीं बोलतां येत नाहीं. संकेत लिहून घ्यावा, पुसूं नये.

ए. एम. टी.च्या मालकानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दाभोशाच्या वाटेवर समोरून बस आली म्हणून चढावर थांबावें लागलें, तर कन्व्हर्टरची गाडी हलक्या ॲक्सिलरेटरवर थोडा वेळ तोलून धरलेली खपते, ए. एम. टी.त तसें केल्यास साधा क्लच प्लेट घासून जळतो. अशा गाडीला चढावर जळका वास, वाढत्या फेऱ्या आणि न वाढणारा वेग ही तक्रार असेल तर ती क्लच प्लेटची आहे. हें काम गांवोगांवच्या गॅरेजला परिचित असून खर्चहि इतर जातींच्या मानानें पुष्कळ कमी. उतरतांना मात्र सर्वच जातींनीं खालचा गिअर किंवा एल् धरावा; सारा भार ब्रेकवर टाकणें घाटांत धोक्याचें.

घरच्या परीक्षेंत तेल जळकें किंवा दुधाळ निघालें, गिअर धरण्यास विलंब होऊं लागला, अथवा गाडी एकाच गिअरांत अडकून राहिली, तर त्या रविवारचा बेत रहित करावा. यंत्रानें स्वतःस वाचविण्यासाठीं घेतलेली ती लंगडी चाल घरीं परतण्यापुरती असते, जव्हार गांठण्यापुरती नव्हे. वाटेंतच प्रसंग आला तर वाटेल त्या जीपला दोर बांधून गाडी ओढून नेऊं नये. इंजिन बंद असतांना पेटींतील तेलाचा पंप फिरत नाहीं, आणि चाकांबरोबर आंतील भाग मात्र कोरडे फिरत राहतात. सपाट पाठीच्या ट्रकवर गाडी चढवून नेणें उत्तम. तें न साधल्यास, पुढच्या चाकांना जोर असणाऱ्या गाडीचीं पुढचीं चाकें उचलून न्यावींत.

मेस्त्रीकडे जातांना "गाडी नीट चालत नाहीं" या वाक्याऐवजीं एक चिठ्ठी न्यावी. तक्रार थंड गाडींत होते कीं गरम, कोणत्या वेगाला, कोणत्या गिअराला, चढावर कीं सपाटीवर, पुढें कीं मागें. तेलाचा रंग व वास, डागाची जागा, यंत्रानें दाखविलेला संकेत. तेलाचा डाग पडलेलें कापड सोबत द्यावें. शेवटीं गाडीच्या किलोमीटरांचा आंकडा आणि मागील तेलबदलाची तारीख लिहावी, व ती ठाऊक नसेल तर तसेंहि स्पष्ट लिहावें.