वस्तऱ्याचा परवाना

नाशिकच्या रामकुंडावर जो न्हावी उकिडवा बसून यात्रेकरूचें मुंडन करीत असतो, त्याच्याजवळ दुकान नाहीं, पाटी नाहीं. आहे ती धोकटी. त्या धोकटींतील वस्तरा कित्येक अनोळखी मस्तकांवरून फिरतो. कायद्याची दृष्टि मात्र दुकानावर, आणि तीहि अलीकडे सैल झाली आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें दहांहून कमी कामगारांच्या आस्थापनेस नोंदणी माफ केली. नुसती सूचना दिली कीं पुरे. वस्तरा धरणाऱ्या हाताची परीक्षा घेणारा कायदा आपल्याकडे नाहींच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘कॉस्मेटॉलॉजी’चा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे खरा, पण त्यावांचून धंद्यास आडकाठी नाहीं.

अमेरिकेंत याच्या उलट. तेथील मिनेसोटा संस्थानानें १८९७ सालीं न्हाव्यांस परवाना सक्तीचा केला व पुढें इतर संस्थानांनीं तोच कित्ता गिरविला. आज केशभूषेच्या परवान्यासाठीं तेथें बहुतेक ठिकाणीं हजार किंवा त्याहून अधिक तास शिकावें लागतें. ती पद्धति येथें आणावी काय? मला तसें वाटत नाहीं. बापाच्या हाताखालीं तयार झालेल्या कारागिराला शुल्क भरून शाळेंत बसविल्यानें त्याचा हात सुधारेल कीं नाहीं कोण जाणे; धंदा मात्र भांडवलवाल्यांकडे जाईल. शिवाय या व्यवसायाला स्वतःची विवेकबुद्धि आहे. मुंबईंत १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हाव्यांनीं विधवांचें केशवपन करण्याचें नाकारलें, तें कांहीं परवान्याच्या अटीमुळें नव्हे!

परंतु रक्ताची गोष्ट निराळी. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणु शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. तुरटी फिरविल्यानें रक्त थांबतें. विषाणु मरेल असा भरंवसा नाहीं. करोनाच्या साथींत, २०२० च्या जूनअखेर, राज्यांतील केशकर्तनालयें पुन्हां उघडलीं, तेव्हां सरकारनें केस कापण्यास मुभा दिली, दाढीसारख्या त्वचेच्या कामांस तूर्त मनाई ठेवली, आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर हत्यारें निर्जंतुक करण्याची अट घातली. मनाई साथीपुरतीच योग्य होती. पण ती अट साथीपुरती कां असावी?

पातें बदलतां येणारा वस्तरा आतां कोणासहि परवडतो. सिंहस्थांत तर गोदातीरीं असंख्य डोकीं त्याच्यापुढें वांकतात. महापालिकेनें घाटावर स्वच्छ पाणी, नवीं पातीं आणि वापरलेल्या पात्यांसाठीं झांकणाची पेटी पुरवावी. दर डोक्यास नवें पातें, एवढाच नियम करावा, पण तो कडक पाळवावा. यजमानानेंहि मान खालीं घालण्यापूर्वीं तें पातें आपल्या डोळ्यांदेखत कागदांतून काढवून घ्यावें.