कलावंताचे खरे स्मारक
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कलावंत निवर्तला म्हणजे आपण शोकसभा भरवितो, तसबिरीस हार घालतो, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. हे उचितच; परंतु एवढ्याने त्याचे ऋण फिटते काय, हा प्रश्न आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहो.

यासंबंधीचे एक उदाहरण विलायतेतील आहे. तथापि त्याचा धागा आपल्या नगर जिल्ह्याशी जुळतो. अरणगावानजीक मेहेराबाद येथे मेहेरबाबांची समाधी आहे. रॉनी लेन हा इंग्रज गायक-वादक त्यांचा भक्त होता. ऐन उमेदीत त्यास मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा विकार जडला. त्याच्या मातेसही तोच विकार होता. २० सप्टेंबर १९८३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एरिक क्लॅप्टन, जेफ बेक, जिमी पेज आदी नामांकितांनी या रोगाच्या संशोधनकार्यास साह्य म्हणून जलसा केला. स्वतः लेनही रंगमंचावर येऊन गायला. पुढे ४ जून १९९७ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी, तो अमेरिकेत निवर्तला. ८ एप्रिल २००४ रोजी त्याच सभागृहात त्याच्या स्मरणार्थ जलसा झाला. त्यात पॉल वेलर, रॉनी वुड आणि मेहेरबाबांचेच अनुयायी पीट टाउनशेंड गायले. दोन्ही जलशांचे चित्रीकरण झाल्यामुळे ते आजही पाहावयास मिळतात.

यातील क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे. आधी हयातीत साह्य, मागाहून स्मरण, आणि दोहोंचे जतन. गुरुस्मरण आपणांसही परके नाही. सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले आणि १९५३ पासून पंडित भीमसेन जोशी यांनी पुण्यात त्यांच्या नावे संगीत महोत्सव चालविला.

आपल्या ज्ञातीतही पेटी, पखवाज आणि सनई यांत आयुष्य वेचलेली वडीलधारी माणसे खेडोपाडी आहेत. कित्येकांस औषधपाण्याची ददात आहे, आणि त्यांची कला कोठेही नोंदलेली नाही. चित्रीकरणाचे साधन आता प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे. तेव्हा आमची नम्र सूचना अशी की, संमेलनाच्या वर्गणीतून अल्पसा भाग अशा कलावंतांच्या औषधोपचारासाठी बाजूस काढावा, आणि तरुणांनी त्यांच्या घरी जाऊन त्यांचे वादन चित्रित करून ठेवावे. हात वाजते आहेत तोवरच हे कार्य होणे अगत्याचे आहे. हार मागाहूनही घालता येतो.