दहा रुपयांचा स्टॅम्प



नागपुरात वर्धा रोडनं विमानतळाकडे निघालात, की रहाटे कॉलनी चौकापाशी मध्यवर्ती कारागृह लागतं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. ‘जेलपाशी थांब, तिथून सोबत जाऊ’ असं आपण सहज सांगतो. महाराष्ट्रात फाशीची सोय असलेले तुरुंग दोनच, एक येरवडा आणि दुसरा हा आपला. 30 जुलै 2015 ला याकूब मेमनला इथेच फाशी झाली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, 30 सप्टेंबरला, मुंबईच्या विशेष मोक्का न्यायालयानं 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. त्या पाचांतले काही जण इथल्या फाशी यार्डात आले. त्यांत एक होते एहतेशाम कुतुबुद्दीन सिद्दीकी.

आज मला बोलायचंय ते हौशी गुप्तहेरांबद्दल. तुम्ही म्हणाल, मग हे फाशी यार्ड कुठून आलं?

आमच्या पिढीचा गुप्तहेर म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार. लायब्ररीतून पुस्तक आणायचं आणि अभ्यासाच्या वहीखाली ठेवून वाचायचं. पुढे शेरलॉक होम्स भेटला. होम्सला जन्म देणारे कॉनन डॉईल स्वतःही अशा फंदात पडले होते, हे मात्र फार उशिरा कळलं. ग्लासगोत 1908 साली एका वृद्ध बाईचा खून झाला. ऑस्कर स्लेटर नावाच्या परक्या माणसाला त्यात फाशीची शिक्षा झाली आणि नंतर ती जन्मठेपेवर आली. डॉईलनी 1912 मध्ये त्याच्यावर पुस्तिका लिहिली, पण कोणी हललं नाही. 1925 मध्ये सुटलेल्या एका कैद्यानं स्लेटरची चिठ्ठी आपल्या कवळीखाली लपवून बाहेर आणली आणि डॉईलना दिली. 1928 मध्ये शिक्षा रद्द झाली. चिठ्ठी बाहेर यायला कवळी लागली, हे मला त्या सगळ्या हकिकतीत फार मोलाचं वाटतं. तपास करणारा बाहेर आणि ज्याचा जीव टांगणीला तो आत, मध्ये दगडी भिंत.

नागपूरच्या गोष्टीत तपास करणाराच आत होता.

11 जुलै 2006. संध्याकाळची गर्दीची वेळ. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये पहिल्या वर्गाच्या डब्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. 180 हून जास्त माणसं गेली, 800 हून जास्त जखमी झाली. ऑफिसातून घरी निघालेली माणसं होती ती. पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकताना हे विसरू नका, मीही विसरत नाही.

योगायोग बघा. माहितीचा अधिकार कायदा देशभर लागू झाला 12 ऑक्टोबर 2005 ला, म्हणजे स्फोटांच्या नऊ महिने आधी. साधा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि तीस दिवसांत उत्तर. प्रश्न एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. आपण हा कायदा वापरतो तो गल्लीतला रस्ता किती लाखांचा झाला हे विचारायला. सिद्दीकींनी तो वापरला स्वतःच्या खटल्यातली गाठ सोडवायला. कोठडीतून त्यांनी असे शेकडो अर्ज केले. सोबत इग्नूचे अभ्यासक्रम चालू होते, तुरुंगावर ‘हॉरर सागा’ नावाचं पुस्तकही लिहिलं.

या कामात थरार काहीच नाही. भिंग नाही, पाठलाग नाही, वेषांतर नाही. अर्ज जातो, जन माहिती अधिकारी लिहितो, ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’. मग प्रथम अपील, मग आयोग. ज्यानं तहसीलमध्ये सातबाऱ्यासाठी चकरा मारल्यात त्याला हे वेगळं सांगायला नको. गुप्तचर यंत्रणांना तर या कायद्यातून मोठी सूट आहे, फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन एवढेच अपवाद. त्या अरुंद फटीतून सिद्दीकी दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. सगळं मिळालं असं नाही. तपासावर देखरेख करणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निवडीचे लोकसेवा आयोगाकडचे कागद त्यांनी मागितले होते, ते न्यायालयानं नाकारले. मला विचाराल तर ती मागणी जरा ताणलेलीच होती. पण फाशीच्या सावलीत बसलेल्या माणसानं कुठला कागद मागावा आणि कुठला नाही, हे मी रहाटे कॉलनीच्या अलीकडून काय सांगणार!

बाहेरही एक जण याच कामाला लागला होता. अब्दुल वाहिद शेख, मुंबईचे शाळामास्तर. याच खटल्यात नऊ वर्षं आत काढली आणि 2015 च्या निकालात तेरा आरोपींपैकी ते एकटे सुटले. त्यांच्याविरुद्ध कबुलीजबाब नव्हता. सुटलेला माणूस मागे वळून बघत नाही, आणि त्यात काही चूकही नाही. यांनी उरलेल्या बाराजणांची कागदपत्रं सोडली नाहीत. ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिलं आणि निर्दोष कैद्यांसाठी काम उभं केलं. त्यांच्यावर ‘हीमोलिम्फ’ नावाचा सिनेमाही निघाला.

कबुलीजबाब हाच या खटल्याचा कणा. एरवी पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली मात्र पोलीस उपायुक्तापुढची चालते. आरोपींनी नंतर त्या कबुल्या नाकारल्या, मारहाण झाल्याचं सांगितलं. पुढे अपिलात मुंबई उच्च न्यायालयानं या कबुल्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हा वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांपुढे सांगितलेल्या हकिकतींचे काही भाग शब्दाला शब्द सारखे निघाले. दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभ्या राहिलेल्या कुठल्याही मास्तरला विचारा, दोन पेपरांत एकच वाक्य दिसलं की तो काय समजतो.

बाकीचंही तसंच. टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखलं, पण त्यांचे जबाब आले शंभराहून जास्त दिवसांनी. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता, असं न्यायालयाला दिसलं. जप्त केलेला माल नीट सीलबंद ठेवला नव्हता. स्फोटात बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता, हेही फिर्यादी पक्ष सांगू शकला नाही. यात होम्सच्या बुद्धीचं असं काय आहे? सगळं कागदावरच होतं. कोणीतरी ते ओळीनं वाचायला हवं होतं.

21 जुलै 2025, सोमवार. न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठानं 671 पानांचं निकालपत्र दिलं आणि बाराही जणांना निर्दोष ठरवलं. येरवडा, नाशिक, अमरावती, नागपूर अशा तुरुंगांतून आरोपी पडद्यावर हजर होते. त्याच संध्याकाळी आपल्या तुरुंगाच्या दारातून सिद्दीकी आणि सहआरोपी मोहम्मद अली हे दोघे बाहेर पडले. आत गेले ते 2006 साली, तेव्हा नागपुरात मेट्रो नव्हती.

तीन दिवसांनी, 24 जुलैला, सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारच्या अपिलावर सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका. सुटलेल्यांना परत आत टाकायला मात्र सांगितलं नाही. तेव्हा शेवटचा शब्द अजून व्हायचाय, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. उच्च न्यायालयानं मात्र निकालाच्या सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवली. गुन्हा उलगडल्याचा नुसता देखावा उभा राहिला, तर समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच राहतो, असा तिचा आशय. ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली, त्यांच्यासाठी एकोणीस वर्षांनी प्रश्न पुन्हा पहिल्या पानावर आलाय. त्या सात डब्यांत बॉम्ब कोणी ठेवले?

एक नाव सांगायचं राहिलं. बिहारच्या मधुबनीचे कमाल अन्सारी, फाशीची शिक्षा झालेल्या पाचांपैकी एक. 2021 साली कोरोनात ते गेले, नागपूरला, कैदी असतानाच. सुटलेल्या बाराजणांत त्यांचंही नाव आहे.