फेर धरल्याशिवाय गाणं येत नाही



‘मुलांना आपली लोकसंस्कृती कशी शिकवावी’ यावर बोल, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. मी सॉफ्टवेअरमधली बाई. या विषयातला माझा अधिकार एवढाच की हा उद्योग मी एकदा पुरता फसवलाय. तेच सांगते.

पुण्यात आमच्या सोसायटीत नवरात्रात भोंडला करायचं ठरलं. ऑफिसच्या सवयीने मी वीस स्लाइड्स केल्या. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात जातो, हस्ताचा पाऊस, म्हणून हत्तीची पूजा, वगैरे. गाणी मोबाइलवरून स्पीकरवर लावली. दहा मिनिटांत निम्मी मुलं सायकली घेऊन पसार! माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, “आई, हे तर शाळेसारखंच झालं.”

त्या रात्री मला आपली शाळा आठवली. आपल्याकडे त्याला हादगा म्हणायचे. शेवटचा तास बंद, बाकं भिंतीला, भिंतीवर हत्तीचं चित्र आणि त्यावर फळांची माळ. बाई स्वतः पदर खोचून फेरात. पहिल्या दिवशी एक गाणं, एक खिरापत. सोळाव्या दिवशी सोळा. डबा हलवून, वास घेऊन खिरापत ओळखायची. अर्थ कुणी सांगितला नाही, तरी गाणी पाठ झाली. खिडकीत उभ्या राहणाऱ्या मुलांचीसुद्धा झाली. ती मुलं आज दुसऱ्या रांगेत बसली आहेत, विचारा त्यांना!

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घरी ठेवला. पाटावर तांदळाचा हत्ती काढला, तोही मुलांकडूनच. मुलगेही फेरात घेतले. खिरापतीचा डबा रोज एका मुलाच्या ताब्यात दिला. आत काय आहे ते त्याने आपल्या आईलाही सांगायचं नाही. मग कुणी पळालं नाही.

शेजारच्या आजी जळगावच्या. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे भुलाबाई असते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. मातीच्या मूर्ती बसवायच्या, गाणी म्हणायची, आणि खाऊ ओळखायचा.” मुलांनी लगेच विचारलं, “मग खरं कुठलं? भोंडला, हादगा की भुलाबाई?” आजी म्हणाल्या, “ज्याच्या त्याच्या घरचं खरं.” एवढं चांगलं उत्तर माझ्या वीस स्लाइड्समध्ये नव्हतं.

पाचव्या दिवशी मात्र अडलं. कारल्याच्या वेलाचं गाणं आपल्याला सगळ्यांना येतं. सून माहेरी जायला परवानगी मागते आणि सासू एकामागून एक अटी घालते. माझी लेक फेरातच थांबली. “आईकडे जायला तिला परवानगी कशाला लागते? मी नाही म्हणणार हे गाणं.” काही आया म्हणाल्या, असली गाणी काढूनच टाकूया. मलाही ते पटत होतं.

रात्री आईला फोन केला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझ्या आजीचं लग्न तेराव्या वर्षी झालं. चार वर्षं तिला माहेरी पाठवलं नव्हतं. घरात ती कधी एक शब्द बोलली नाही. पण वाड्यातल्या हादग्यात हे गाणं तीच सांगायची, सगळ्या बायकांसमोर. तेवढंच तिला बोलता यायचं.”

मी गप्पच झाले. गाणं मला चाळीस वर्षं पाठ होतं, आणि ही गोष्ट मी कधी विचारलीच नव्हती.

लेकीला तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन ते गाणं म्हणाली आणि शेवटी स्वतःचं एक कडवं जोडलं. त्यातली सून वेलाची वाट न बघता एसटी पकडून माहेरी जाते! सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या जळगावच्या आजी.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्या जमवल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे कितीतरी संग्रह काढले. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या मोठ्या माणसांनी शब्द वाचवले. पण आपल्या घरात कुठलं गाणं कुणी म्हटलं आणि का म्हटलं, हे आपल्या घरातल्याच कुणाला तरी विचारावं लागतं. विचारायला उशीर झाला तर ते कुठल्याच संग्रहात सापडत नाही. माझी आजी गेली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. तिला विचारायचं राहून गेलं.

म्हणून दोन विनंत्या. या दिवाळीत आई, मावशी, आत्या, जी कुणी असेल तिच्याजवळ मुलांना बसवा आणि एक गाणं, त्यामागच्या गोष्टीसकट, ऐका. मुलांनी प्रश्न विचारले तर विचारू द्या. गाणं त्याने मोडत नाही.

दुसरी विनंती मुख्याध्यापकांना. शाळेत हादगा पुन्हा सुरू करा, आणि या वेळी मुलग्यांना खिडकीत उभं करू नका. पहिल्या दिवसाची खिरापत माझ्याकडून.

काय आणणार, ते मात्र ओळखायचं!